पुढच्या वर्षीची टीम

नानांवर माझा राग आहे आणि माणूस गेला म्हणून मी तो सोडणार नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. ते जिवंत होते तेव्हा तोंडावरही बोललो होतो, त्यामुळे पाठीमागे बोलल्याचं पाप मला लागणार नाही.

ते माझे गाळामालक. पिंप्राळ्यात त्यांच्या घराचा रस्त्याकडचा गाळा मी भाड्यानं घेतला. माझं काम मोटारी भरायचं. विहिरीवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात, मी आतली जळकी तार काढून नवी भरतो. भंगारातल्या जुन्या मोटारी उचलून, भरून, रंग देऊन विकतोही. असोद्याहून सायकलवर येऊन दुसऱ्याच्या दुकानात तार गुंडाळायला लागलो होतो. आज तालुक्यातला शेतकरी माझ्याशी भाव करायच्या आधी घोटभर पाणी पितो. मला सहसा कोणी फसवत नाही. नानांनी फसवलं, आणि तेही पहिल्याच दिवशी.

भाडं ठरवायला मी तयारीनं गेलो होतो. भिंतीला ओल आहे, शटर अडकतं, समोरचं गटार उघडं आहे, असे सगळे दोष मनात ओळीनं लावून ठेवले होते. त्यांनी आकडा सांगितला. मी निम्मा सांगितला.

नाना म्हणाले, "बरं."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे बरं. एवढंच द्या."

भाव करणाऱ्या माणसाचा ह्याहून मोठा अपमान नाही. ओल, शटर, गटार, सगळं माझ्या पोटातच राहिलं. मी उठलो तसे ते म्हणाले, "एक अट आहे शेठ. सोमवारी उजाडायला शटर उघडायचं. मी आत खुर्ची टाकून बसेन. माझं आटपेपर्यंत मला उठवायचं नाही."

पाटबंधारे खात्यातनं निवृत्त झालेला कारकून, किडकिडीत अंग, मोठे कान, कानावर खडू. बसून पोथी वाचत असेल असं मला वाटलं. हो म्हणालो.

पहिल्या सोमवारी ते आले. अंगात ढोपरापर्यंत येणारा निळा परदेशी सदरा, हातात मोबाईल. मोबाईल माझ्या वार्निशच्या डब्याला टेकवून ठेवला, चहा मागवला, आणि थोड्या वेळानं असे ओरडले की माझ्या हातातली तार तुटली. "अरे गाढवांनो, भिंत कुठे शे? भिंत?" पुढे मला कळलं, की हा आरडाओरडा नानांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, घराबाहेर काढला होता, आणि नानांनी तो निम्म्या भाड्यात माझ्या गळ्यात मारला होता. इतकी वर्षं झाली, तो सौदा माझ्या मनातनं जात नाही.

नाना अमेरिकेतल्या फुटबॉलचे भक्त होते. तो फुटबॉल पायानं खेळत नाहीत. लांबट चेंडू, डोक्यावर टोप, खांद्यांवर गाद्या, आणि अकरा अकरा माणसं एकमेकांवर रेड्यांसारखी जातात. तिकडची रविवार संध्याकाळची मॅच म्हणजे आपल्याकडची सोमवारची सकाळ. पिंप्राळ्यात काय, अख्ख्या खान्देशात हा खेळ बघणारी माणसं दोनच असावीत. एक नाना आणि दुसरी त्यांची मुलगी रूपा. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती, कामावर जायच्या आधी गाळ्यात डोकावायची.

"बाबा, किती?"

"इचारू नको."

"हरले?"

"हरले नही. हारी देखाडं." नाना मूळचे धुळ्याकडचे. संतापले की त्यांची अहिराणी वर यायची. हरले नाहीत, हरून दाखवलं.

ह्या वेडाची सुरुवात त्या सदऱ्यापासून झाली. धुळ्याला बहिणीकडे गेले असताना थंडीच्या दिवसांत परदेशी जुन्या कपड्यांचा ढीग लागला होता. त्यातून नानांनी तो सदरा उचलला. छातीवर इंग्रजीत लिहिलं होतं की अमुक टीम ह्या सालची विजेती. घरी आल्यावर रूपानं मोबाईलवर शोधलं, तर त्या साली ती टीम अंतिम सामन्यात हरलेली. मग उलगडा झाला. अंतिम सामन्याआधी दोन्ही टीमच्या नावाचे विजयाचे सदरे छापून ठेवतात, म्हणजे निकाल लागल्याबरोबर विकता येतात. हरलेल्यांचे सदरे तिकडे कोणी घालू नयेत म्हणून ते गठ्ठे बांधून आपल्यासारख्यांकडे पाठवून देतात.

दुसरा कोणी असता तर हसला असता, नाहीतर त्या सदऱ्यानं स्कूटर पुसली असती. नाना गंभीर झाले. मला पुढे एकदा म्हणाले, "शेठ, ह्यांचा विजय छापून तयार होता. फक्त व्हायचा राहिला. आता तो माझ्या अंगावर आलाय, मग बघायला नको का?"

त्यानंतर ती टीम एकदाही अंतिम सामन्यापर्यंत गेली नाही. मी तिचं नाव घेत नाही. त्या लोकांनी माझं थोडं नुकसान केलेलं नाही.

खेळापेक्षा नानांना टीमची बांधणी महत्त्वाची. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, कोणासाठी काय द्यायचं. माझ्या शटरच्या आतल्या बाजूला ते खडूनं गोल काढायचे, पुढे पाच मोठे गोल, मागे एक छोटा. छोटा म्हणजे चेंडू फेकणारा, ज्याच्यावर सगळी टीम आणि सगळे पैसे. पाच मोठे म्हणजे त्याच्यापुढे उभे राहणारे जाडे. ह्या पाचांना नाना भिंत म्हणायचे. "सगळ्यांना फेकणारा पाहिजे. भिंत कोणाला नको. भिंत नसली तर फेकणारा सोन्याचा असला तरी आडवा होणार." हे मी इतक्या वेळा ऐकलं की मोटारीचं बेअरिंग बदलतानाही मला ते आठवतं.

त्या खेळात एक पद्धत आहे, ती मात्र मला पटली होती. दर उन्हाळ्यात कॉलेजातली नवी पोरं टीममध्ये वाटतात, आणि जी टीम सगळ्यात शेवटी राहिली असेल तिला पहिला हात घालायला मिळतो. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना नाना हे समजावायचे.

सावद्याचे एक पाटील मोटर घेऊन आले होते. ऐकून म्हणाले, "म्हंजे हारनाराले मान? मंग कोनी बी हारीन की मुद्दाम."

"हारतात ना. लोक म्हणतात मुद्दाम हरा."

"आन मंग तुमची टीम कायले हारते? मुद्दाम का खरंच?"

"खरंच," नाना म्हणाले, आणि पाटील इतके हसले की मोटारीचा भाव करायचं विसरले. तेवढा एक सोमवार मला नाना फायद्यात पडले.

पण त्यांच्या टीमनं मोठी चूक केली होती. त्या वर्षाचा आणि पुढच्या वर्षाचा आपला पहिला हात, म्हणजे पहिल्या फेरीत पोरगा उचलायचा हक्क, दुसऱ्या टीमला देऊन टाकला आणि बदल्यात एक नावाजलेला फेकणारा आणला. वय अडतीस. दोन वर्षं तरी खेळेल आणि एकदा जिंकून देईल, असा हिशेब. ज्या दिवशी ही बातमी आली त्या दिवशी नाना जेवले नाहीत. रूपा सांगायची की त्या टीमच्या चाहत्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, त्यात दिवसरात्र भांडणं चालली होती. निम्मे नाचत होते की आता जिंकणार. काही म्हणत होते सगळ्यांना विकून टाका आणि पहिल्यापासून सुरू करा. काहींना मालकच बदलायला हवा होता. नाना मराठीत सांगायचे, रूपा इंग्रजी करून टाकायची. नाना त्यांना केळीच्या बागेवरून समजावत, त्यामुळे तिकडच्या लोकांनी त्यांचं नाव केळीवाले बाबा ठेवलं होतं. ह्याचा त्यांना अभिमान होता.

"काय लिहिलं आज बाबांनी?" मी रूपाला विचारायचो.

"लिहिलं की घड उतरलेलं खोड दारात आणून लावलं, त्यासाठी बुंध्याशी फुटलेली घरची पिलं देऊन टाकली."

"मग ते काय म्हणाले?"

"एक जण म्हणाला, घड म्हणजे काय?"

तेव्हा ते सावद्याचे पाटील पुन्हा आलेले होते. त्यांनी मध्येच तोंड घातलं. "नाना, तुम्ही बागाइतदार नही. घड उतरला म्हनून खोड लगेच मुयापासून कापत नही कोनी. उभं राहू द्या लागते काही दिवस. त्याचं सत्त्व पिलाले भेटते."

"राहू द्या लागतं, पण पिलं विकून नाही," नाना म्हणाले. "त्यांनी काय केलं ते देखा. बठ्ठा उद्या इकी टाका त्यास्नी. एका सालासाठे." सगळा उद्याच विकून टाकला त्यांनी, असं.

पाटील हात जोडून म्हणाले, "बरं बाबा, तुमी म्हना ते. मोटर भरली का शेठ?"

दिवाळीच्या आत त्या फेकणाऱ्याचा खांदा गेला. भिंत नव्हतीच. नाना त्या सकाळी ओरडले नाहीत. मोबाईल बंद केला, खडू कानावर ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी." हे त्यांचं पालुपद होतं. हरल्यावर शिवी नाही, कपाळावर हात नाही. पुढच्या वर्षी. मी चिडून म्हणालो, "नाना, पुढच्या वर्षी तर त्यांच्याकडे हातच नाही. तुम्हीच सांगितलं." ते म्हणाले, "मग त्याच्या पुढच्या."

त्याच थंडीत त्यांचे पाय सुजायला लागले. बीपीची गोळी ते आठवण झाली तर घेत. काकू बोलून थकल्या होत्या. तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ गेलेल्या. मशीनवर रक्त धुवायला न्यावं लागायला लागलं. बऱ्याचदा मीच नेत असे, कारण रिक्षात त्यांना गरगरायचं आणि माझ्याकडे गाडी होती. मशीनला जोडून पडलेले असतानाही त्यांची टीमबांधणी सुरूच.

"हे मशीन म्हणजे बाजारातून भाड्यानं आणलेला खेळाडू आहे शेठ. आजची मॅच काढून देईल. ह्याच्यावर टीम उभी राहत नाही."

"मग टीम कशावर उभी राहते?"

"ते डॉक्टर सांगतात. दुसऱ्याची किडनी." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करायचे.

काकूंना साखर, म्हणून त्या बाद. बहिणीचं वय जास्त. किडनी मिळायच्या सरकारी यादीत नाव लावलं होतं, पण ती यादी काही पुढे सरकत नव्हती. जळगावचा उन्हाळा सुरू झाला आणि नानांना पाणी मोजून. स्टीलच्या छोट्या फुलपात्रात दिवसाचं पाणी काढून ठेवलेलं असायचं. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आणि हा माणूस फुलपात्राकडे बघत ओठावरून जीभ फिरवायचा. बर्फाचा एक खडा तोंडात धरून अर्धा तास काढायचा. मी त्यांच्यासमोर पाणी प्यायचं सोडून दिलं होतं. दुकानातला माठसुद्धा मागच्या बाजूला नेला.

नवी पोरं वाटायचा दिवस आला. तिकडची संध्याकाळ, आपली सकाळ. नाना इस्त्रीचा लेंगा आणि तो सदरा घालून गाळ्यात आले. सदरा आता अंगावर आणखीनच मोठा दिसत होता. त्यांच्या टीमला पहिल्या फेरीत हातच नव्हता, देऊन टाकला होता. तरी ते बसले होते. दुसऱ्यांच्या ताटात काय काय पडतं ते बघत, पंगतीला न बोलावलेल्या माणसासारखे. जो हात ह्यांचा होता तो ज्यांनी घेतला होता, त्यांनी भिंतीतलाच एक धिप्पाड पोरगा उचलला. नाना म्हणाले, "बघा. आपला होता हा."

रूपा चहा घेऊन आली. चहा ठेवला आणि उभीच राहिली.

"बाबा, माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. जुळतंय. नाशिकला डॉक्टरांशी बोलले मी. तुमच्या होकाराची वाट बघतायत."

नानांनी मोबाईलवरून नजर हलवली नाही. "कोणी सांगितलं तुला तपासायला?"

"कोणी नाही. मीच केल्या."

"घरात इचारानं नही? मोठं कोन शे?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"आतेबी नही म्हनस." म्हणजे आताही नाहीच.

काकू जिन्यात आल्या होत्या. मी तार खाली ठेवली. रूपा रडली नाही. तिनं बापाच्याच भाषेत बोलायला सुरुवात केली, इतकी वर्षं तेच ऐकलं होतं. "बाबा, तुमच्या टीमनं मागे पहिल्या हातानं घेतलेला तो भिंतीतला पोरगा, तो कुठे आहे आता?"

"दुसरीकडे. राखीवमध्ये."

"त्याच्या आधीचा?"

"त्यानं खेळ सोडला."

"मग? राखून राखून काय मिळालं? अर्धी तर वायाच जातात."

"जाऊ देत. वाया गेली तरी आपली गेली. अडतीसच्या माणसासाठी देऊन टाकली नाहीत."

"तुम्ही अडतीसचे नाही, माझे बाप आहात."

"मी साठीचा आहे. म्हणजे भाव आणखी पडलेला," नाना म्हणाले आणि चहाचा कप, जो त्यांना प्यायचा नव्हता, तिच्याकडे सरकवला. "तुझं लग्न व्हायचंय, बाळंतपण व्हायचंय. तू सव्विशीतली. माझ्यात घातलेली किडनी किती वर्षं चालेल ते डॉक्टर सांगू शकत नाहीत. कोणता शहाणा माणूस हा सौदा करेल? शेठ, तुम्ही सांगा. तुम्ही कराल?"

मी भाव करणारा माणूस. खरं उत्तर मला माहीत होतं आणि मला ते द्यायचं नव्हतं. म्हणालो, "नाना, हा सौदा नाही."

"प्रत्येक गोष्ट सौदा असते, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय."

त्यानंतर रूपा माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, तुम्ही कोणालाही कशालाही तयार करता. ह्यांना करा." काकूंनी पदर तोंडाला लावून तेच सांगितलं. मी म्हणालो, आठ दिवसांत नाना नाशिकला जातील. इतका मला माझ्या जिभेचा भरवसा होता.

मी तयारी करून गेलो. भर दुपार, कूलर चालू, नाना खाटेवर.

"नाना, मोटर जळाली की मी फेकून देतो का? भरतो. भरलेली मोटर दहा दहा वर्षं पाणी ओढते. तुम्ही रोज बघता."

"बघतो. नवी तार कुठून आणता?"

"बाजारातून."

"दुसऱ्याच्या चालू मोटरीतनं काढून आणता का?"

हा घाव मला अपेक्षित नव्हता. मी दुसरीकडून गेलो. "सावद्याचे पाटील काय म्हणाले होते? खोड उभं राहिलं तर पिलाला सत्त्व मिळतं. तुम्ही नुसते घरात बसून राहिलात तरी पोरीला बळ आहे. काकूंना आहे."

"बरोबर आहे. सत्त्व खोडातनं पिलात उतरतं. पिलातनं खोडात चढवणारा बागाईतदार तुम्ही पाहिला का?"

मी शेवटचं राखून ठेवलेलं काढलं. हे त्यांच्याच खेळातलं होतं, रूपाकडून शिकून गेलो होतो. "नाना, तुम्ही स्वतःला टीमचा मालक समजून बोलताय. इथे मालक तुम्ही नाही. किडनी तिची, निर्णय तिचा. मालक ती. तुम्ही खेळाडू. आणि तुमच्या त्या खेळात खेळाडूला विचारून अदलाबदल होते का? मालकानं ठरवलं की बॅग भरायची आणि निघायचं."

नाना गप्प झाले. कूलरचं पाणी ठिबकत होतं, त्याच्याकडे बघत बराच वेळ पडून राहिले. मला वाटलं, जमलं. समोरचा असा गप्प झाला की पुढचा शब्द होकाराचा असतो, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे.

"तुम्ही चांगलं शिकून आलात शेठ," ते म्हणाले. "पण एक राहिलं. जुन्या मोठ्या खेळाडूंच्या करारात एक कलम असतं. त्याच्या मर्जीशिवाय त्याची अदलाबदल करता येत नाही. मालक कोणीही असो, तो नाही म्हणाला की झालं."

"तुमचा कुठला करार?"

"बाप झालो तेव्हाचा. त्यात ते कलम असतंच."

माझं डोकं फिरलं. ओरडलो, "मग मरा! त्या हरणाऱ्या लोकांचं ऐकून मरा!" काकू आतून धावत आल्या. मी म्हटलं ते म्हटलं. परत घेतलेलं नाही. माझ्याकडे चांगला माल होता, भाव रास्त होता, गिऱ्हाइकाला गरज होती, आणि तरी गिऱ्हाईक एका खेळाच्या नियमावरून उठून गेलं. ह्याचा राग येऊ नये तर कशाचा यावा?

नाना मात्र चिडले नाहीत. म्हणाले, "पुढच्या वर्षी त्यांच्याकडे सगळे हात परत आहेत. भिंत करतील बघा."

त्यानंतर तीनदा रूपा त्यांच्याशी बोलली, दोनदा डॉक्टर बोलले. त्यांनी कोणाचंही ऐकलं नाही. मशीनवर अंग साथ देईना. पोळ्याच्या सुमारास ते गेले, त्यांच्या खेळाचा नवा मोसम सुरू व्हायच्या थोडे आधी. ती टीम त्या साली कशी खेळली, मी बघितलं नाही. जिंकली असती तर त्यांचाही राग आला असता. रूपानंही बघितलं नाही. ती घरी कमी बोलायची, दुकानात जायची आणि यायची. एकदा मला म्हणाली, "काका, मी एवढं राखून ठेवण्यासारखी काय आहे, ते सांगायला पाहिजे होतं त्यांनी." 

वर्ष सरल्यावर काकूंनी स्थळं बघायला सुरुवात केली. घरात पुरुषमाणूस नाही म्हणून बैठकीला मला बसवलं. यावलकडचे लोक आले होते. मुलगा बरा होता, मान खाली घालून पोहे खात होता. बोलणारा त्याचा मामा. सगळं विचारून झाल्यावर त्यानं घसा साफ केला.

"राग मानू नका. मुलीचे वडील किडनीनं गेले असं कळलं. हे घराण्यात तर नाही ना?"

मी तोंड उघडायच्या आत रूपा बोलली. "नाही. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्यात. दोन्ही चांगल्या आहेत. एक बाबांना देणार होते, त्यांनी घेतली नाही."

काकू दारात उभ्या होत्या. मामानं मुलाच्या आईकडे बघितलं, मग मान हलवली.

"मग बरंच झालं म्हणायचं," तो म्हणाला. "वडील समजूतदार होते."

"बाबाही हेच म्हणाले होते," रूपा म्हणाली आणि रिकाम्या बश्या उचलून आत गेली.

मामा माझ्याकडे सरकला. आवाज खाली आणून म्हणाला, "आमच्याकडून होकार समजा. देण्याघेण्याचं काही नाही. मुलगी निरोगी आहे, आम्हाला एवढंच पाहिजे." मुलाच्या आईनं काकूंकडे बघून हात जोडले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. असं आयतं आलेलं हो मी जन्मात कधी परत पाठवलेलं नाही.

आत गेलो. रूपा ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता, बश्या तशाच.

"ते हो म्हणतायत," मी म्हणालो. "काय सांगू?"

ती वळली. "मला विचारताय?"

"मग कोणाला विचारू?"

तिनं नळ बंद केला, हात पुसले, आणि म्हणाली, "नाही सांगा."

मामानं कारण विचारलं. भाव मोडताना माझ्याकडे शंभर कारणं असतात, त्या दिवशी एकही दिलं नाही. गाडी वळेपर्यंत फाटकात उभा राहिलो. काकू मागून म्हणत होत्या, बापासारखीच, कोणाचं ऐकायची नाही. नकाराचा होकार करायचा, हाच माझा आयुष्यभराचा धंदा. त्या एका घरातून मात्र दोन्ही वेळा मला नकारच उचलून दाराबाहेर आणावा लागला.